मेला, मारला, की खून केला?

माणूस मेला की घरात रडारड सुरू होते आणि पोलिस ठाण्यात पेन उघडलं जातं. रडण्याला कलम नसतं. पेनाला असतं. मेलेला कुठल्या रजिस्टरात घालायचा हे ठाणे अंमलदाराने ठरवायचं, आणि एकदा त्याने ओळ लिहिली की पुढची दहा-वीस वर्षं वकील, न्यायाधीश, मंत्री, आयोग सगळे त्या ओळीभोवती घाण्याच्या बैलासारखे फिरतात. आपल्या माणसाच्या वाट्याला बहुतेक वेळा कोणती ओळ येते ते तुम्हाला ठाऊक आहे. अकस्मात मृत्यू. मुंबईत म्हणतात ए.डी. केली, विदर्भात म्हणतात मर्ग दाखल केला. शब्द वेगळे, मढं तेच.

ताजं उदाहरण घ्या. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली. लोक रस्त्यावर आले, दगडफेक झाली, पोलिसांनी धरपकड केली. धरलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला, न्यायालयीन कोठडीत असताना, तो मेला. शवविच्छेदनाचा अहवाल म्हणतो, अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. विधानसभेत मात्र त्याच्या श्वसनाच्या आजाराचा दाखला देण्यात आला. आईला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, असा हुकूम औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ ला दिला. सरकार त्याविरुद्ध दिल्लीला धावलं आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयात हात हलवत परत आलं. खून आहे का, कोणी केला, ही पुढची गोष्ट. इथे गुन्हा घडलाय एवढं कागदावर यायलाच साडेसात महिने गेले.

तेव्हा दोस्तांनो, या अंकात कविता जरा मागे सारून कायद्याचं बोलू. कंटाळा करू नका. ज्या शास्त्रावर आपल्या मढ्याची किंमत ठरते ते शास्त्र आपल्या पोरांना पाठ नको?

आधी जुनं शास्त्र. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात हत्येची वर्गवारी आहे, आणि ती अगदी सोपी आहे. मेलेला कोण, एवढंच बघायचं. ब्राह्मण मारला तर महापातक. क्षत्रिय मारला तर त्या प्रायश्चित्ताचा चौथा हिस्सा, वैश्य मारला तर आठवा, शूद्र मारला तर सोळावा. पुढे आणखी मजा आहे. मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घोरपड, घुबड, कावळा यांतलं काही मारलं तर शूद्र मारल्याइतकं प्रायश्चित्त घ्यावं म्हणे. कावळ्याच्या पंगतीला बसवलंय, आणि हे शूद्राचं झालं. गावकुसाबाहेरच्याचा हिशेब मांडायला मनूला अपूर्णांक पुरला नसता. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जाळलं त्यात हे पानही जळलं.

मग मेकॉले आला. १८३७ चा मसुदा, १८६० चा कायदा, १८६२ पासून अंमल. इंग्रज काही आपला सगा नव्हता, त्याला राज्य चालवायचं होतं. पण एक गोष्ट त्याने केली ती कबूल करायला हवी. तराजू मेलेल्याच्या जातीवरून उचलला आणि मारणाऱ्याच्या डोक्यात नेऊन ठेवला. मेलेला बामण की मांग, हे भारतीय दंड संहितेने विचारलं नाही. तिने विचारलं, मारताना तुझ्या मनात काय होतं?

या एका प्रश्नावर सगळी शिडी उभी आहे. मारायचंच होतं, तर हेतू. मारायचं नव्हतं, पण आपण करतोय त्याने माणूस मरण्याचा संभव आहे हे माहीत होतं, तर जाणीव. ध्यानीमनी नव्हतं पण बेपर्वाईने वागला, तर हयगय. आणि यातलं काहीच नाही, तर अपघात. अपघाताला शिक्षा नाही. हयगयीला ३०४ अ. हे कलम मूळ कायद्यात नव्हतंच, १८७० साली घुसवलं, आणि त्याची शिक्षा किती? जास्तीत जास्त दोन वर्षं. त्याच्या वर सदोष मनुष्यवध, कलम २९९. त्यातला जो सर्वांत वाईट प्रकार तो खून, कलम ३००, आणि त्याची शिक्षा ३०२, म्हणजे फाशी किंवा जन्मठेप. मधल्या पायरीवर ३०४, त्याचे दोन भाग. हेतू असेल तर भाग एक, जन्मठेपेपर्यंत. नुसती जाणीव असेल तर भाग दोन, दहा वर्षांपर्यंत.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. आकडे बदलले, शिडी तीच राहिली. सदोष मनुष्यवध आता १००, खून १०१, खुनाची शिक्षा १०३, मधली पायरी १०५, हयगय १०६. हयगयीची शिक्षा दोनाची पाच वर्षं झाली, एवढं बरं झालं. बाकी हिंदी सिनेमातल्या न्यायाधीशाने आपल्याला ताजिराते हिंद दफा ३०२ असं घोकून घेतलंय, ते जिभेवरून जायला दोन पिढ्या लागतील. जाता जाता सांगतो. जुन्या संहितेत कलम १०३ काय होतं माहीत आहे? मालमत्तेच्या रक्षणासाठी माणसाचा जीव कधी घेता येतो, त्याची परवानगी. आता त्याच आकड्यावर खुनाची शिक्षा आलीय. पण शेतातून चालत गेला, विहिरीला शिवला, बांधावरचं गवत कापलं म्हणून आमचा जीव घेणाऱ्यांच्या डोक्यात तो जुना १०३ अजून पक्का बसलेला असतो.

ही शिडी कोर्टाने नीट वापरायची ठरवली तर किती धारदार आहे ते बघा. गुंटूर जिल्ह्यात एका वयस्क माणसाला जड काठ्यांनी झोडपलं. मार बहुतेक हातापायांवर. तो मेला. उच्च न्यायालय म्हणालं, डोक्यावर नाही, छातीवर नाही, मर्मावर घाव नाही, मग खून कसला? त्यांनी ३०४ भाग दोनवर आणलं. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली, पुन्नय्याच्या निकालात, ते उलटं फिरवलं. म्हातारपणाकडे झुकलेल्या माणसाला ठरवून इतकं मारायचं की नेहमीच्या क्रमाने तो मरणारच, मग घाव पायावर असोत नाहीतर कुठेही, तो खूनच. त्याआधी १९५८ साली विरसा सिंगच्या खटल्यात भाल्याचा एकच घाव होता. तिथेही कोर्ट म्हणालं, मारायचाच हेतू होता हे वेगळं सिद्ध करायची गरज नाही. ती जखम करायचा हेतू होता आणि ती जखम मरण आणायला पुरेशी होती, एवढं बस्स.

आता हे दोन निकाल हातात घ्या आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोलिस कोठडीत जाऊन उभे राहा. तळव्यांवर पट्ट्याचे फटके, मांड्यांवर काठी, डोक्याला हात नाही. मर्मावर घाव नाही म्हणून खून नाही, हा युक्तिवाद १९७६ साली मेलाय. तरी कोठडीत तो जिवंत आहे. तिथे शिडीची सर्वांत खालची पायरीसुद्धा लागत नाही. तिथे हृदयविकार लागतो.

खुनातून खाली उतरायला कायद्याने पाच दारं ठेवली आहेत, त्यांना अपवाद म्हणतात. अचानक आणि गंभीर चिथावणी मिळाली. स्वतःचा बचाव करताना हात जास्त चालला. अचानक भांडण पेटलं. मरणाऱ्याचीच संमती होती. आणि एक खास दार सरकारी नोकरासाठी : कर्तव्य करताना त्याने अधिकाराची मर्यादा ओलांडली, पण चांगल्या श्रद्धेने, मनात वैर न ठेवता, तर तो खून नाही. चांगली श्रद्धा! वर्दीतल्या माणसाच्या काळजात डोकावून ही श्रद्धा बघायची कुणी? त्याच्या वरिष्ठाने लिहिलेल्या अहवालात ती दिसते, एवढं खरं.

घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर. ११ जुलै १९९७. सकाळी लोकांना दिसलं की बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलाय. माणसं पूर्व द्रुतगती मार्गावर आली. राज्य राखीव पोलिस दलाची गाडी आली आणि गोळ्या सुटल्या. दहा माणसं मेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरेने त्याच शहरात फास लावून घेतला. तो मृत्यू कुठल्या रजिस्टरात बसला असेल ते सांगायला नको. दहा जणांच्या मरणाला चिथावणी कुणाची, कारण काय, तर सरकारी बाजूने गोष्ट पुढे आली की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, मोठा अनर्थ टाळायला गोळीबार करावा लागला. म्हणजे वर्गवारी तयार! समर्थनीय मनुष्यवध. कायद्याने करायला लावलेलं पुण्यकर्म. न्यायमूर्ती गुंडेवार यांचा आयोग बसला आणि आयोगाने ही गोष्ट मोडीत काढली. गोळीबार असमर्थनीय, असं त्याने लिहिलं.

तुकडीचा प्रमुख असलेल्या उपनिरीक्षकावर खटला चालला. निकाल लागला मे २००९ मध्ये, बारा वर्षांनी. काय लागला? सदोष मनुष्यवध, पण खून नव्हे. जन्मठेप. म्हणजे मधल्या पायरीवर बसवलं आणि त्या पायरीवरची सर्वांत जड शिक्षा दिली. अनेकांनी तेव्हा पेढे वाटले. आम्ही हिणवत नाही, वर्दीवाल्याला आपल्या मढ्यांबद्दल जन्मठेप लागणं ही या राज्यात रोजची गोष्ट नाही. मग उच्च न्यायालयात अपील झालं, आणि जामीन मिळाला.

पण त्या मधल्या पायरीचा अर्थ नीट समजून घ्या. निःशस्त्र माणसांवर बंदूक रोखून घोडा दाबणाऱ्याच्या मनात काय असतं? रायफलच्या गोळीने माणूस मरतो हे संभव म्हणून माहीत असण्याची गोष्ट आहे? विरसा सिंगचा भाला एकच होता आणि तो खून ठरला. वस्तीत शिरलेल्या गोळ्या कितीतरी होत्या. भाल्याला जो नियम लागतो तो रायफलीला लागत नसेल तर तराजूत भाला ठेवलाय की रायफल, एवढंच बघितलं जात नाही. रायफल कुणाची, हेही तोललं जातं. आणि मरणारा रमाबाई नगरातला, की नरिमन पॉइंटचा, हेही.

आता जमिनीच्या खाली उतरू, कारण या शहरात आपली माणसं खालीच जास्त मरतात. गटाराच्या मॅनहोलमध्ये, सोसायटीच्या सेप्टिक टाकीत. खाली हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त असला तर नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो, माणसाला वाटतं हवा बरी आहे. दोन श्वासांत तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. पेपरात तीन ओळी येतात : गुदमरून तिघांचा मृत्यू. पोलिस आधी ए.डी. करतात. वस्ती ठाण्यावर गेली, मढं उचलू दिलं नाही, तर संध्याकाळपर्यंत ३०४ अ लागतं, आता १०६. मुकादम अटक होतो. मुकादम बऱ्याचदा आपल्यातलाच असतो. ठेकेदार जामिनावर, इंजिनिअर कागदावरही नाही.

आमचं म्हणणं असं आहे. ही हयगय नाही. २०१३ च्या हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या कायद्यानेच गटारात आणि टाकीत साधनांशिवाय माणूस उतरवण्याला धोकादायक सफाई असं नाव दिलंय, ती करून घ्यायला बंदी केलीय, पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवलीय. म्हणजे माणूस मेला नाही, नुसता उतरवला तरी गुन्हा. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ ला सांगितलं, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी दहा लाख द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे तीस लाख केले. देशाच्या संसदेला माहीत, सर्वोच्च न्यायालयाला माहीत, महापालिकेच्या टेंडरात लिहिलेलं. आणि ज्याने झाकण उघडून पोराला आत उतरवला त्या ठेकेदाराला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, प्रभागाच्या इंजिनिअरला तेवढं माहीत नव्हतं? ते माहीत असण्यालाच कायद्यात जाणीव म्हणतात. जाणीव असली की १०६ संपतो आणि १०५ सुरू होतो. पाच वर्षांची दहा होतात. या मागणीसाठी नवा कायदा लागत नाही, मोर्चात नवी घोषणाही लागत नाही. फिर्यादीत एक वाक्य लागतं : खाली विषारी वायू असतो आणि साधनांशिवाय उतरवणं कायद्याने बंद आहे हे आरोपीला माहीत होतं. ते वाक्य फिर्याद लिहिताना घाला, नंतर घालायला कोर्ट सहज ऐकत नाही.

हयगय आणि जाणीव यांच्यातल्या या एका पायरीची किंमत काय असते ते देशाने एकदा गॅसमध्येच बघितलंय. भोपाळ, २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र. कारखान्याच्या भिंतीला लागून गरिबांच्या वस्त्या. हजारो माणसं मेली. दोषारोप ठेवला होता ३०४ भाग दोनचा, दहा वर्षांचा. १३ सप्टेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो खाली उतरवला, ३०४ अ वर. मग ७ जून २०१० ला भोपाळच्या कोर्टात निकाल लागला. सात अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षं आणि लगेच जामीन. देशभर बोंब उठली तेव्हा तपास यंत्रणा पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेली, १९९६ चा निकाल सुधारा म्हणून. मे २०११ मध्ये ती विनंती फेटाळली गेली. सगळा खेळ चौदा वर्षांपूर्वी एका पायरीवर होऊन गेला होता. लोकांनी २०१० चा आकडा ऐकला आणि रडले. १९९६ साली पायरी सरकली तेव्हा किती जण जागे होते?

आता दुसरी वर्गवारी. खून मान्य, पण कशासाठी?

इथे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा येतो. त्यातल्या कलम ३, पोटकलम २ च्या पाचव्या खंडात म्हटलं होतं की दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाविरुद्ध तो त्या जातीचा आहे या कारणावरून केला, तर जन्मठेप. या कारणावरून! या दोन शब्दांच्या भोकातून किती खुनी निसटले याची गणती करायला एक अंक पुरायचा नाही. आरोपीचा वकील उभा राहतो आणि म्हणतो, साहेब, जातीवरून नव्हे, शेताच्या वाटेवरून. जातीवरून नव्हे, पोरीवरून. जातीवरून नव्हे, जुन्या भांडणावरून. जणू शेताची वाट, पोरगी आणि भांडण ही जातीच्या बाहेर कुठेतरी चंद्रावर घडतात.

खैरलांजी, २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं, आई, मुलगी, दोन मुलगे. गावाने मारली. नागपूर, अमरावती पेटली तेव्हा कुठे राज्याला जाग आली. भंडाऱ्याच्या कोर्टाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरलं, सहांना फाशी, दोघांना जन्मठेप. पण अत्याचाराचा कायदा लागू केला नाही. लैंगिक अत्याचाराचं कलमही टिकलं नाही. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीची पंचवीस वर्षांची कैद केली आणि कारण धरलं सूडाचं. फाशी गेली याचं आम्हाला फार दुःख नाही, फाशीने जात मरत नाही. दुःख वर्गवारीचं आहे. चार खून झाले हे निकालात आहे. जात निकालात नाही. भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये गेला तोवर जात बाहेरच उभी होती.

आणि हे निव्वळ कोर्टात नाही, सरकारी आकडेवारीतही आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी खुनांची कारणं छापतो. प्रेमप्रकरण एक रकाना, जमीन-मालमत्तेचा वाद दुसरा, वैयक्तिक वैमनस्य तिसरा, जातीयता चौथा. महार पोराने पाटलाच्या पोरीकडे बघितलं म्हणून त्याला झाडाला लटकवला, कुठे टाकाल? प्रेमप्रकरणात. शिर्डीत २०१५ साली मोबाइलवर बाबासाहेबांचं गाणं वाजलं म्हणून नर्सिंग शिकणारा पोरगा मारला, त्याला कुठे टाकाल? क्षुल्लक भांडणात जायचा. असे रकाने भरले की जातीयतेच्या रकान्यात उरतात थोडे, आणि मग टीव्हीवरचा विद्वान तो थोडका आकडा दाखवून सांगतो की जात संपत आली.

२०१५ च्या दुरुस्तीने ते भोक बुजवलं, कायद्यात तरी. या कारणावरूनच्या जागी आलं : तो त्या जातीचा आहे हे माहीत असताना. गावात कुणाची जात कुणाला माहीत नसते? ही दुरुस्ती चळवळीने रक्त आटवून मिळवली आणि ती २६ जानेवारी २०१६ ला अमलात आली. आणि आता नव्या न्याय संहितेचं कलम १०३, पोटकलम २ वाचा. पाच किंवा जास्त जणांनी मिळून वंश, जात वा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून खून केला तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. झुंडबळीचा कायदा म्हणून याचे ढोल वाजले. यात धर्म हा शब्दच नाही, तो मुसलमान मित्रांनी लक्षात घ्यावा. आणि आपण लक्षात घ्यायचं ते हे की कारणावरून हा शब्द पुन्हा आला. अत्याचाराच्या कायद्यात जे भोक आपण बुजवलं तेच नव्या भिंतीत ठेवून दिलंय. तेव्हा कुणी उत्साही वकील म्हणाला की आता १०३ दोन आहे, अत्याचाराचा कायदा कशाला, तर त्याला घराचा रस्ता दाखवा. दोन्ही लावून घ्या.

तिसरी तऱ्हा सर्वांत स्वच्छ. खून, पण खुनी नाही. तंजावर जिल्ह्यातलं किळवेण्मणी, २५ डिसेंबर १९६८. तारीख बघा, महाडचीच. मजुरी वाढवून मागितली म्हणून चव्वेचाळीस दलित मजूर, बहुतेक बाया-पोरं, एका झोपडीत जळाले. मद्रास उच्च न्यायालयाने जमीनदारांना सोडताना जो विचार केला तो प्रसिद्ध आहे : एवढे बडे जमीनदार स्वतः पायी चालत जाऊन झोपड्यांना आग लावतील हे पटत नाही. मेकॉलेने विचारलं होतं, मनात काय होतं. इथे विचारलं, दारात मोटार आहे का. बिहारमधलं लक्ष्मणपूर बाथे, १ डिसेंबर १९९७, अठ्ठावन्न माणसं. खालच्या कोर्टाने २०१० साली सोळांना फाशी आणि दहांना जन्मठेप दिली, पाटण्याच्या उच्च न्यायालयाने ९ ऑक्टोबर २०१३ ला सव्वीसच्या सव्वीस सोडले. आपल्याकडे खर्डा, जामखेड तालुका. एप्रिल २०१४ मध्ये सतरा वर्षांचा शाळकरी पोरगा मारून टांगला. २०१७ साली सगळे सुटले, कारण साक्षीदार फिरले.

वाचणारा म्हणेल, मग हे सगळं कलमांचं पाठांतर कशाला? व्यवस्था तर ठरवूनच बसलीय. असं म्हणून पानाच्या ठेल्यावर क्रांतीच्या गप्पा हाणणारे आमच्यातही कमी नाहीत. त्यांनी मढं ठाण्यात पडलेलं असताना तिथे दोन तास थांबून बघावं. तिथे व्यवस्था म्हणजे एक हवालदार असतो, त्याच्यापुढे कागद असतो आणि त्याला घरी जायची घाई असते. त्या वेळी समोर उभ्या पोराला काय माहीत आहे यावर पुष्कळ अवलंबून असतं. आपली हद्द नाही म्हणाला तर सांगा, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, नंतर वर्ग करा. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय हलू नका. आधी चौकशी करतो मग बघू म्हणाला तर सांगा, अत्याचाराच्या कायद्यात २०१८ पासून कलम १८ अ आहे, गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. तपास हवालदाराने किंवा फौजदाराने करायचा नाही, उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, तसा १९९५ च्या नियमांत सातवा नियम आहे. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणारा सरकारी नोकर अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर त्याच्यावर त्याच कायद्याचं चौथं कलम लागतं. हे शेवटचं वाक्य हळू आवाजात सांगितलं तरी हवालदाराचं पेन बऱ्यापैकी सरळ चालायला लागतं.

मरणोत्तर पंचनाम्याला आपला माणूस पंच म्हणून असू द्या. जखमा कुठे, किती, कपडे कसे, हात बांधल्याचे वळ आहेत का, ते तिथेच लिहून घ्या. कोठडीतलं मरण असेल तर दंडाधिकाऱ्याची चौकशी सक्तीची आहे. मढं घाईने जाळू नका. घरच्यांना ते सांगणं फार जड असतं, आई वेडीपिशी झालेली असते आणि पाहुणे म्हणत असतात आता उरकून घ्या. तरी सांगावं लागतं. पुरलेलं मढं पुन्हा काढता येतं, राख तपासता येत नाही.

आणि पोरांनो, आत्महत्येच्या कागदावर विश्वास टाकू नका. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याच्या मरणाच्या कारणापेक्षा त्याच्या जातीच्या दाखल्याचाच तपास जास्त झाला. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉक्टर पायल तडवी गेली. फासाची गाठ स्वतः मारली की खुनाची कलमं संपतात, पण आत्महत्येस प्रवृत्त करण्याचं कलम आहे, जुनं ३०६, नवं १०८, दहा वर्षांपर्यंत. ते लावायला छळाचा लेखी माग लागतो. होस्टेलमध्ये, कॉलेजात, वॉर्डात जे ऐकावं लागतं त्याचा अर्ज त्या वेळी द्या, पोच घ्या, पोच जपून ठेवा. लाजू नका.

शेवटी साक्षीदार. खर्ड्याचा धडा तोच आहे. कलम ठाण्यात लागतं पण कोर्टात ते साक्षीदाराच्या जिवावर उभं राहतं. साक्षीदार गावात राहतो, आरोपीच्या शेताला लागून. त्याची म्हैस त्याच बांधावरून जाते, त्याच्या पोराला त्याच दुकानातून उधारीवर वह्या मिळतात. २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५ अ आणलं. संरक्षण, प्रवासखर्च, वकील, खटल्याची खबर, सगळं देणं सरकारवर आहे. त्यासाठी जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज टाकावे लागतात आणि पाठपुरावा करावा लागतो, तो आपल्या शाखांनी करायचा. शहरातली शाखा मोर्चाच्या दिवशी गावात येते, भाषण करते, शेवटच्या एसटीने परत जाते. खटला मात्र पाच-सात वर्षांनी उभा राहतो आणि तेव्हा त्या घराकडे कुणी फिरकलेलं नसतं. साक्षीच्या तारखा कोर्टाच्या फळ्यावर लागतात. त्या उतरवून घ्या, आणि तारखेच्या आदल्या रात्री त्या घरात आपली दोन पोरं मुक्कामाला असू द्या.